दोन सुयांचा हिशेब



२०२३ साली आमच्या सुताच्या दुकानाला शंभर वर्षं झाली. घरच्यांनी स्मरणिका काढायचं ठरवलं. पणजोबा, आजोबा, बाबूजी, त्यांचे भाऊ, मग ही पिढी, प्रत्येकाचं एकेक पान, वर फेट्यातला किंवा टोपीतला फोटो. एका दुपारी धाकट्या दिरांचा फोन आला. "भाभी, तुम्ही मास्तरीण होता. 'महिलांचे योगदान' म्हणून दोन ओळी लिहून द्या ना. दोनच हं, जागा कमी आहे."

दोन ओळी लिहायला बसले आणि तीन आठवडे झाले तरी लिहून होईनात. स्मरणिका वेळेवर छापून आली. त्यात दोन ओळी आहेत, त्या दुसऱ्या कोणी तरी लिहिल्या. "घरातील स्त्रियांनी नेहमीच खंबीर साथ दिली" अशा अर्थाच्या. माझं लिहिणं मात्र थांबलं नाही, म्हणून ते आता तुमच्यापुढे ठेवते आहे.

मी २०१४ साली शाळेतून निवृत्त झाले. निवृत्ती हा शब्द आपल्याकडे फार मोठा आहे. महासतीजी व्याख्यानात प्रवृत्ती-निवृत्ती समजावतात तेव्हा मी मनात हसते, कारण मी निवृत्त झाले ती फक्त हजेरीपटातून. सकाळी पाचला उठणं, एक सामायिक, म्हणजे ४८ मिनिटं, मग पाणी उकळून गार करायला ठेवणं, नवकारशी, स्वयंपाक. दुपारी दीड-दोन तास सुया हातात. चारला पुन्हा ओट्यापाशी, कारण आमचा चौविहार, सूर्य मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं व्हायला हवीत. ह्यांना बँकेतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. ते पेपर वाचतात, फिरायला जातात, आणि खरोखर निवृत्त आहेत. तक्रार करत नाही, नोंद करते आहे.

आमच्या मालेगावात "विणकाम" म्हटलं की कुणाच्या डोळ्यांपुढे माझ्या सुया येत नाहीत. इथे विणकर म्हणजे लूमवाला. गावात लाखाहून जास्त यंत्रमाग आहेत. मोसम नदीच्या पलीकडच्या वस्त्यांत गल्लीतून गेलात तर प्रत्येक घराच्या खालच्या मजल्यावरून खटखट ऐकू येते. रात्री वारा तिकडून आला की आमच्या गच्चीवरही पोचते. मी नवी सून म्हणून १९७८ साली येवल्याहून इथे आले तेव्हा पहिल्या रात्री मला वाटलं पाऊस पडतोय. येवला म्हणजे पैठणीचं गाव. तिथेही मागाचा आवाज होता, पण हातमागाचा, सावकाश, मधे थांबणारा. (आणि पैठणीच्या गावात जन्मून आमच्या घरात रेशीम नव्हतं. कोश उकळल्याशिवाय धागा निघत नाही, हे आजीने सांगितल्यावर काचेतल्या पैठणीकडे पाहायची माझी दृष्टीच बदलली.)

एकच क्रियापद, विणणं. लूमवर विणतात तेव्हा उभे आणि आडवे असे दोन धागे लागतात, ताणा आणि बाणा. सुयांवर विणतो तेव्हा एकच धागा असतो, तो स्वतःच्याच फासातून स्वतःला ओढत पुढे जातो. म्हणून लूमचं कापड फाटतं आणि स्वेटर उसवतो. हा फरक मला बाईंनी शिकवला. बाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या घरात त्यांना सगळे बाईच म्हणत.

आता थोडं गावाबद्दल, कारण त्याशिवाय दुकानाची गोष्ट कळणार नाही.

मोसम आणि गिरणा यांच्या संगमाजवळ पेशव्यांचे सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४० च्या सुमारास भुईकोट बांधायला घेतला. कामाला सुरतेकडून आणि उत्तरेकडून कारागीर आले, काही इथेच राहिले. १८१८ च्या उन्हाळ्यात इंग्रजांनी हा किल्ला घेतला, पण आतल्या अरब शिबंदीने त्यांना चांगलंच झुंजवलं होतं. त्यानंतर मालेगाव खानदेश जिल्ह्यात होतं. नाशिक जिल्हा झाला १८६९ साली, तेव्हा ते इकडे आलं. म्हणूनच आमची बोली, आमची भाजी, आमचा तिखटपणा आजही नाशिकपेक्षा धुळ्याच्या जास्त जवळचा आहे.

१८५७ चा उठाव आणि त्यानंतरचे दुष्काळ, यांनी उत्तर प्रदेशातले मोमीन विणकर देशोधडीला लागले. त्यातले पुष्कळ मालेगावला आले आणि हातमाग टाकून बसले. त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवीमुळे, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वे मनमाडपर्यंत आली. कापसाच्या आणि सावकारीच्या पाठोपाठ मारवाडातून आपली ओसवाल घरं गावोगाव उतरली. त्यांच्यातलंच एक आमचं. मालेगावला रेल्वे तेव्हाही नव्हती, आजही नाही. सगळा माल मनमाडहून बैलगाडीने, मग ट्रकने.

तर दोन परके एकमेकांसमोर आले. एकाला विणता येत होतं पण सूत उधार हवं होतं, दुसऱ्याकडे सूत होतं. १९३० च्या दशकात यंत्रमाग आले, रंगीत साडी हा मालेगावचा माल ठरला, आणि सुताच्या पेढ्या वाढल्या. आमची १९२३ ची. स्मरणिकेत हा सगळा भाग सविस्तर आहे. १९४३ च्या कापड आणि सूत नियंत्रणाच्या हुकुमावर तर दीड पान आहे, परवाने कसे मिळवले वगैरे.

त्यात नाही ती गोष्ट अशी. आमच्या पाण्याच्या माठावरचं गळणं नदीपलीकडून यायचं. आपल्याला पाणी गाळताना दुहेरी, दाट कापड लागतं. गिरणीचं मलमल चालत नाही, त्याच्या जाळीतून सगळं खाली जातं. माझ्या आजेसासूबाई एका मोमीन म्हाताऱ्याकडून हातमागाचं जाड, पीळ दिलेल्या सुताचं कापड विणून घ्यायच्या. त्यांनी त्याला समजावलं होतं की पाण्यातले जीव वाचावेत म्हणून हवंय, आणि गाळल्यावर कापडात राहिलेलं आम्ही पुन्हा विहिरीच्याच पाण्यात सोडतो. तो म्हणे दर वेळी वरून बोटभर कापड जास्त द्यायचा आणि त्याचे पैसे घ्यायचा नाही, कारण ते जिवांच्या वाट्याचं. बाई सून म्हणून आल्या १९४६ साली, तेव्हा हे चालू होतं. पुढे हातमाग संपले तसं ते कापड मिळेना.

म्हणजे आमच्या घरातलं अहिंसेचं सगळ्यात रोजचं साधन त्या विणकराच्या हातचं होतं. दुकानाच्या इतिहासात हे यायला हवं होतं की नाही, तुम्हीच सांगा.

स्वयंपाकघराचंही तसंच. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा, या सगळ्याला मिळून कसमादे म्हणतात, आणि कसमादे म्हणजे कांद्याचं आगर. उन्हाळ्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कांद्याच्या चाळी. आपल्या समाजातल्या कितीतरी घरांचा व्यापार कांद्याचा. दिवसभर कांद्याच्या लिलावात उभा राहणारा माणूस घरी येतो, आणि त्याच्या चुलीवर कांदा नसतो! मी शाळेत असताना सहकारी बाई डब्यात डोकावून विचारायच्या, "अहो, कांद्याशिवाय शेवभाजीचा रस्सा दाट कसा होतो?" होतो. सुकं खोबरं आणि तीळ भाजून, थोडं भाजलेलं बेसन लावून होतो. आणि हिंग. ही युक्ती मारवाडातून आणलेली नाही. तिथे शेवभाजी नव्हती. ही युक्ती खानदेशात आलेल्या कुठल्या तरी सुनेने शेजारणीच्या घरातला वास घेऊन, स्वतःच्या नेमात बसवून काढली असणार.

अशा किती गोष्टी. आमच्या पापडाच्या डब्यात मारवाडचे खिच्ये आणि खानदेशची ज्वारीची बिबडी शेजारी शेजारी असतात. पर्युषणाआधी मंगोड्या घालतो, कारण चातुर्मासात हिरवी भाजी बंद, आणि त्याच मंगोड्यांची भाजी कळण्याच्या भाकरीशी खातो. ही जोडी राजस्थानात मागितली तर कुणाला कळणारही नाही.

आणि ज्याला आपण "आपलं जुनं" म्हणतो ते किती जुनं? मिरची, मका, टोमॅटो हे तिन्ही मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या मुलखातून पोर्तुगिजांच्या जहाजांच्या काळात इकडे आले. बटाटाही तिकडचाच, दक्षिण अमेरिकेतला, आणि त्याचं नाव तर आपण थेट पोर्तुगीज ठेवलं. म्हणजे आपल्या जुन्या आचार्यांनी कंदमुळांचे नियम सांगितले तेव्हा त्यांनी बटाटा पाहिलेलाही नव्हता. तो जमिनीखाली वाढतो, त्याला डोळे फुटतात, प्रत्येक डोळ्यातून नवं झाड येतं, हे बघून तो अनंतकायात टाकला. आणि मिरची मात्र मुकाट्याने आत आली, काळ्या मिऱ्याची जागा घेऊन बसली. आयंबिलच्या ओळीत आजही आपण मिरचीविना, मिऱ्यावर भागवतो तेव्हा मला वाटतं की चारशे वर्षांपूर्वीचं आपलं ताट असंच काहीसं असेल. तेल नाही, तूप नाही, दूध-दही नाही, गूळ नाही. चैत्र आणि आश्विनातले ते नऊ नऊ दिवस म्हणजे जिभेवरचं जुनं पुस्तकच.

छापलेल्या पुस्तकांत आपण नाही. मराठीत १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' आलं, १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र', १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा'. 'रुचिरा' मी लग्नात रुखवतात आणलं होतं. बाईंनी ते कौतुकाने चाळलं आणि म्हणाल्या, "चांगलं आहे, पण अर्धं आपल्या कामाचं नाही." मग त्यांनी स्वतःची वही काढली.

या वहीबद्दल मला लिहायचं आहे.

दुकानातलीच, लाल कापडी पुठ्ठ्याची, उभी जमाखर्चाची वही. पुढून पाककृती, मागून उलटी करून विणकामाचे नमुने. बाईंची अक्षरं मोडीतून बाळबोधात आल्यासारखी तिरकी. पाककृती म्हणजे चार चार ओळी, माप "अंदाजानं". पण शेजारी तारीख असते, आणि तारखेमुळे ती वही इतिहास झाली आहे. १९७२ च्या पानावर "मिलोची भाकरी" आहे. लाल मिलो ज्वारी तेव्हा रेशनवर यायची, अमेरिकेची. महाराष्ट्रात दुष्काळ होता, खडी फोडायच्या कामांवर बाया-माणसं जात होती. बाईंनी लिहिलंय, पीठ उकळत्या पाण्यात भिजवा, मूठभर उडदाचं पीठ घाला, नाही तर थापताना भेगा पडतात. खाली एक ओळ: "दारावर रोज दहा जण. रोज दीड पायली." दारावर आलेल्यांसाठी ती भाकरी होती, घरासाठी नव्हे. बाबूजींच्या पानावर "१९७२ च्या दुष्काळात अन्नदान केले" असं आहे. थापल्या कुणी, ते वाक्यात मावलं नसेल.

त्याच वहीत एका पानावर, गॅस आला तेव्हाचं, १९८१ चं: "पुंजणी गॅसलाही." चुलीत लाकूड घालण्याआधी मऊ पुंजणीने चूल झाडून घ्यायची, एखादी मुंगी, झुरळाचं पिल्लू बसलेलं असेल तर जळू नये म्हणून. गॅस आल्यावर आम्हा सुनांना वाटलं, सुटलो. बाईंनी दोन शब्दांत निकाल दिला. माझी सून इंडक्शनवर करते, तिलाही मी पुंजणी दिली आहे. ती वापरते की नाही ते मी पाहत नाही.

आता वही उलटी करते.

विणकाम हे आपलं नव्हे. म्हणजे मारवाडातही नव्हतं, खानदेशातही नव्हतं. लोकर होती. धनगर मेंढ्या कातरायचे, सूत काढायचे, खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणायचे, तिला चिंचोक्याची खळ लावून ताठ करायचे. पण ते मागाचं काम. दोन सुयांचं विणणं जगात कुठून निघालं याचे सगळ्यात जुने पुरावे इजिप्तमधले आहेत, हजार-आठशे वर्षांपूर्वीचे पायमोजे, निळ्या-पांढऱ्या नक्षीचे. आणि ते लोकरीचे नाहीत, सुताचे आहेत! त्याच काळातलं गुजराती ठशांचं सुती कापडही कैरोजवळच्या फुस्तातमध्ये सापडलं आहे. हे वाचल्यापासून मी उन्हाळ्यात सुती धाग्याने विणते आणि कुणी हसलं तर इजिप्त सांगते. मालेगावच्या ४२ अंशांत लोकर हातात धरवत नाही.

आपल्याकडे सुया आल्या त्या मिशनच्या मडमांबरोबर. सिंथिया फरार या अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईत आल्या, पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवत होत्या. सावित्रीबाई फुले शिकवण्याचं शिक्षण घ्यायला त्यांच्याकडेच गेल्या होत्या. अशा शाळांत लिहिण्या-वाचण्याबरोबर शिवण-टिपण असायचंच, कारण त्याशिवाय आईबाप मुलींना पाठवत नसत. पुढे १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन काढलं, तिथेही शिवणकामाचे वर्ग. बाईच्या हाताला काम आणि कामाला चार पैसे, हा विचार त्यामागे होता. पहिल्या महायुद्धात मुंबईत लेडी विलिंग्डनबाईंच्या पुढाकाराने स्त्रियांनी सैनिकांसाठी कपडे शिवले, विणले. तिथून हळूहळू कलेक्टरच्या, मामलेदाराच्या, डॉक्टरच्या बायका, मग त्यांच्या शेजारणी. बाईंना शिकवलं कॅम्पातल्या एका नर्सबाईंनी. बाई चौथी शिकलेल्या, पण टाके मोजताना कधी चुकल्या नाहीत.

धर्माचा प्रश्न तेव्हाही निघाला होता. लोकर चालते का? चालते. स्थानांगात साधू-साध्वींना चालणारी पाच प्रकारची वस्त्रं सांगितली आहेत, त्यात पहिलं जांगिक, म्हणजे चालत्या-फिरत्या प्राण्याच्या केसांचं, मग अळशीचं, तागाचं, कापसाचं आणि सालीचं. आपल्या साध्वीजींच्या ओघ्याच्या दशा लोकरीच्या असतात, सामायिकाचं आसनही लोकरीचं. मेंढी कातरली तरी चरायला जाते, किड्याचं तसं नाही. पण सामायिकात सुया हातात धरायच्या नाहीत, हा नियम बाईंचा कडक होता. व्याख्यानात काही बायका विणायच्या, एकदा एका महाराजसाहेबांनी थांबून विचारलं, "किती टाके झाले?" बाई त्या दिवसापासून स्थानकात सुया नेत नसत.

वहीच्या मागच्या बाजूचं सगळ्यात जाड पान १९६२ चं आहे. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला. आपले जवान नेफा आणि लडाखच्या बर्फात सुती कपड्यांनिशी लढत आहेत ही बातमी घरोघर पोचली. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, तेव्हा महाराष्ट्राला ही लढाई आपल्या घरातली वाटायला लागली. बायकांनी अंगावरचं सोनं संरक्षण निधीत दिलं आणि गावोगाव स्वेटर, मोजे, कानटोप्या विणल्या. बाईंच्या पानावर रोजचा हिशेब आहे: "मोजे ४ जोड. कानटोपी ६. स्वेटर २, दुसऱ्याचा गळा राहिला." आमच्याच घराच्या चौकात दुपारी बारा-पंधरा जणी बसायच्या. त्यात नदीपलीकडच्या दोघी यायच्या, एका लूमवाल्याच्या घरातल्या. बाई सांगायच्या, "त्यांचा हात आपल्यापेक्षा सारखा. लहानपणापासून धाग्यात वाढलेल्या ना." २१ नोव्हेंबरला लढाई थांबली. बाईंचं शेवटचं पार्सल त्यानंतर दहा दिवसांनी गेलं.

त्या पंधरा जणींपैकी काहींनी सुया खाली ठेवल्या, काहींनी नाही. निफाड-मालेगावच्या पट्ट्यातली थंडी तुम्हाला माहीत आहे. निफाडचा पारा एखाद्या वर्षी २ अंशांच्याही खाली येतो. गावात तयार स्वेटर तेव्हा महाग होता. बाई मागणीवर विणायला लागल्या. शाळेच्या मुलांचे, बाळंतिणींच्या बाळांचे. लोकर लुधियान्याची. पुढे १९६५ साली तिकडे ओसवाल घराण्यातल्यांनीच वर्धमान गिरणी काढली. गुंड्यावर भगवंतांचं नाव म्हणून बाई त्याचा कागद कधी पायदळी येऊ द्यायच्या नाहीत, पुढे त्या कागदांचा गठ्ठाच त्यांच्या कपाटात निघाला.

आणि आता ज्याच्यासाठी मी तीन आठवडे अडले ते. स्मरणिकेत बाबूजींच्या पानावर आहे की १९६६ साली उधारी अडकली, दुकान बंद पडायची वेळ आली, "परंतु त्यांनी धैर्याने व दूरदृष्टीने पेढी सावरली." बाबूजी धीराचे होते, त्यात शंकाच नाही. वहीत त्याच सालच्या जूनच्या पानावर, मोज्यांच्या नमुन्याखाली, बाईंनी लिहिलंय:

"स्वेटर ३१, कानटोप्या ४४, पापड-बिबडी. शिल्लक ४१२. दुकानात दिले ४००. बारा ठेवले."

बस्स. कुणासाठी, कशासाठी, काही नाही. मी ह्यांना दाखवलं. ते पुष्कळ वेळ वही धरून बसले. मग म्हणाले, "चारशे रुपयांत सुताची पेढी सावरते का?" खरं आहे, सगळी सावरत नाही. पण मी बँकेतल्या माणसाला उलट विचारलं, की हुंडी नाकारली जायच्या आदल्या दिवशी चारशे रुपये म्हणजे किती? त्यावर ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र माझ्यासाठी दोन गुंडे लोकर घेऊन आले, चुकीच्या रंगाची.

आपल्या समाजात हिशेब लिहायची सवय जुनी. आग्र्याच्या बनारसीदासांनी १६४१ साली 'अर्धकथानक' लिहिलं, स्वतःच्या आयुष्याचा जमाखर्च. धंद्यात बुडाल्यावर कचोरीवाल्याकडे उधारीवर जेवत होतो हेही लिहिलं, आणि सासुरवाडीला गेल्यावर बायकोने आपल्याजवळचे जपून ठेवलेले वीस रुपये हातात ठेवले हेही लिहिलं. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाने वीस रुपये नोंदवले. आमच्या स्मरणिका समितीत तीन सीए आहेत.

मी रागाने लिहीत नाही, असं म्हणणार होते, पण थोडा राग आहे.

बाई २००९ साली गेल्या. त्यांच्या शेवटच्या वर्षांत मालेगावने वाईट दिवस पाहिले. २००१ च्या दंगलीनंतर कर्फ्यू लागला आणि लूम बंद झाले. त्या रात्री मला झोप लागेना, तेवीस वर्षांत पहिल्यांदा इतकं शांत होतं. बाई अंथरुणात उठून बसल्या होत्या. म्हणाल्या, "आवाज नाही ना?" मग सुया मागितल्या. डोळ्यांना तेव्हा नीट दिसत नव्हतं, सगळं बोटांनी. कर्फ्यूत भाजी नव्हती, पण आपल्या घरांना त्याचं फारसं जाणवलं नाही. चातुर्मास असल्यामुळे मंगोड्या, पापड, कडधान्यं होतीच. दुसरीकडे नदीपलीकडे रोजच्या मजुरीवरच्या घरांत काय चाललं असेल, हे बाईंनीच बोलून दाखवलं. १९६२ मधल्या त्या दोघींची नावं त्यांनी घेतली. एकीची नात माझ्या वर्गात होती, हे मला तेव्हा कळलं. पुढे २००६ आणि २००८ च्या स्फोटांनंतरही असाच आवाज थांबला, आणि २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत तर आठवडेच्या आठवडे. त्या वेळी मी बाईंच्या वहीतल्या मागच्या पानांवरून सगळे नमुने एका नव्या वहीत उतरवून काढले. आता त्या नव्या वहीत माझ्याही तारखा आहेत.

परवा कपाटातून बाईंचा स्वतःचा स्वेटर काढला. तपकिरी, कोपरं झिजलेला. पुण्याची नात म्हणाली, "आजी, हा फेकू नकोस, मला उसवून दे. मी टोपी विणते, मोबाइलवर बघून शिकले." मी खांद्याची शिवण उसवली आणि धागा ओढायला घेतला. बाईंचे टाके इतके सारखे होते की धागा कुठेही न अडकता सरळ येत गेला. फक्त गळ्यापाशी एक गाठ लागली, त्यांनी दुसरा गुंडा जोडला होता तिथे. ती गाठ कापून ठेवली आहे. लडी करून, कोमट पाण्यातून काढून, खाली जड चमचा बांधून गच्चीत वाळत घातली आहे. वळ्या जायला दोन दिवस लागतील. नात शनिवारी येते आहे.